शंभरामागे बारा

काटेमामांच्या दुकानात शिरणारा माणूस आधी दाराजवळच्या काट्यावर उभा राहायचा आणि मग कामाचं बोलायचा. मामा चाळीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होते. गोदामांचे, भंगारवाल्यांचे, दवाखान्यांचे. तपासलेल्या काट्याला ते शिशाचं सील लावत आणि प्रमाणपत्रावर आपला परवाना क्रमांक घालत. बाजारात म्हणत, ‘मामा एक वेळ खोटं बोलतील, त्यांचा काटा बोलणार नाही.’ हे ऐकलं की मामा उगाच चष्मा पुसत. आता कुणी तसं म्हटलं तर ते उठून आतल्या खोलीत जातात.

त्यांची भाची तुरुंगात होती. कारखान्यातल्या बायकांच्या संपाचं पत्रक तिनं लिहिलं होतं आणि सरकारला ते झोंबलं. खटला उभा राहायचा होता, वर्षं सरत होती, आणि पोरगी आत सुकत चालली होती. पोटात अन्न ठरत नव्हतं. मामांची थोरली बहीण, पोरीची आई, दर पंधरा दिवसांनी काचेपलीकडून तिला पाहून यायची.

‘‘मनगट असं झालंय,’’ ताई दोन बोटं जुळवून दाखवायची. ‘‘तुझ्या पकडीची मूठ जाड असेल.’’

गंभीर आजारी कैद्याला उपचारासाठी घरी सोडता येत होतं. या आजारात वजन चाळीस किलोच्या खाली गेलं तर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जायचं. मामांनी आणि ताईनं तीन अर्ज केले. तिसऱ्याचं उत्तर घेऊन ताई दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

‘‘वाच.’’

मामांनी वाचलं. ‘कैद्याचे वजन चव्वेचाळीस किलो. प्रकृती स्थिर. वजन प्रमाणित काट्यावर घेतले आहे.’ खाली प्रमाणपत्राचा क्रमांक होता, आणि त्याच्यापुढे परवाना क्रमांक.

‘‘काय रे? गप्प का झालास?’’

‘‘काही नाही. चष्म्याचा नंबर बदललाय.’’

चष्म्याचा नंबर तोच होता. परवान्याचा नंबरही तोच होता. मामांचा.

तीन वर्षांपूर्वी, पोरीला पकडायच्या आधी, तुरुंगाच्या दवाखान्यातला काटा बिघडला म्हणून मामांना बोलावणं आलं होतं. वीस-वीस किलोची लोखंडी वजनं हातगाडीवर घालून ते फाटकाशी गेले. फाटकावर त्यांना अडवलं. लोखंड आत नेता येणार नाही, कुणाच्या डोक्यात घातलं तर? मामा रिकाम्या हातानं आत गेले. काटा उघडला, गंजलेली तरफ साफ केली, काटा शून्यावर आणला. पण शून्यावर तर रिकामा काटा कुठलाही उभा राहतो. भार घालून बघायला हवं होतं. पहाऱ्यावर एक तरुण शिपाईबाई होती, अंगात गणवेश लोंबत असलेली.

‘‘मला तोला की,’’ ती म्हणाली होती. ‘‘माझं वजन पक्कं पन्नास. भरतीच्या कागदावर आहे.’’

ती काट्यावर चढली आणि काट्यानं चव्वेचाळीस दाखवले. मामांनी स्क्रू फिरवत फिरवत काटा पन्नासवर नेला. सील लावलं, सही केली. सगळं मिळून पाऊण तास. उन्हात परत येताना हातगाडीवरची वजनं खडखडत होती, आणि मामांना काम उरकल्याचं बरंच वाटलं होतं.

ताई गेल्यावर मामांनी दुकान बंद केलं आणि तुरुंगाच्या फाटकासमोर जाऊन उभे राहिले. पाळी सुटली. ती शिपाईबाई बाहेर आली. गणवेश अजून तसाच लोंबत होता.

‘‘पोरी, माझ्या दुकानात ये. एकदा काट्यावर उभी राहा.’’

तिनं त्यांना ओळखलं. कशासाठी म्हणून विचारलंही नाही. मागोमाग चालत आली, चपला काढल्या, काट्यावर चढली. चव्वेचाळीस.

‘‘तेव्हापासून एवढीच आहे,’’ ती काट्यावरूनच म्हणाली. ‘‘भरतीला पन्नास लागत होते, मामा. सकाळपासून पाणी पीत होते. परकराच्या नेफ्यात नटबोल्ट शिवले होते, भावाच्या गॅरेजातले. चालताना वाजू नयेत म्हणून मध्ये कापूस घातला होता.’’

मामांना हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं.

‘‘माझी नोकरी जाईल?’’

‘‘तुझं नाव नाही येणार. वजनं न लावता सही मी केली. तू काय, कुणीही काट्यावर चढलं असतं.’’

ती चपला घालत होती. मग खाली बघतच म्हणाली, ‘‘दर सोमवारी मीच आकडा मोठ्यानं वाचते. वजनाला आलेल्या बायका माझ्याकडे बघतात. मला वाटायचं, काटा आहे, काटा थोडाच खोटं बोलेल.’’

मामांनी प्रतिज्ञापत्र केलं: मी हा काटा प्रमाणित वजनांशिवाय तपासला, तो दाखवतो त्यात शंभरामागे बारा किलो जास्तीचे असतात, दुसऱ्या काट्यावर वजन घ्यावं. वकील म्हणाला, ‘‘मामा, हे परवान्याचं श्राद्ध घालणं आहे.’’ मामा म्हणाले, ‘‘घालू या. जेवायला तुम्हीही या.’’

परवाना गेला. पोरीचं वजन शहरातल्या दवाखान्यात झालं. साडेअडतीस. सहा आठवड्यांनी ती घरी आली. ताईनं तिला उशांना टेकवून बसवलं आणि घोट घोट पेज भरवली.

मामा खाटेजवळ बसले होते. पोरगी त्यांच्याकडे वळली.

‘‘मामा, ते सील तुमचं होतं ना? शिशाचं. मला ओळखीचं वाटायचं. धीर वाटायचा त्याचा.’’

मामांनी मान हलवली.

‘‘आत आम्ही आठजणी आजारी होतो,’’ ती म्हणाली. ‘‘सगळ्या असल्याच गुन्ह्यातल्या. पत्रक, सभा, घोषणा. सगळ्यांचे अर्ज फेटाळले. आकडे पाठ आहेत मला. ती शिपाईबाई मोठ्यानं वाचायची ना.’’

मामांनी खिशातून पेन्सिल काढली. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला.

‘‘सांग.’’

‘‘शिक्षिका. पंचेचाळीस.’’

मामांनी मनात बारा टक्के वजा केले. एकोणचाळीस पूर्णांक सहा. लिहिलं.

‘‘नर्स. बेचाळीस.’’

सदतीसहूनही कमी. तिचा अर्ज कुणी केला होता, कोणत्या महिन्यात, हेही त्यांनी विचारून घेतलं. ताई भांडं हातात घेऊन दारात उभी होती.

‘‘तिसरी, विणकर. एकेचाळीस.’’

छत्तीस. मामांनी लिहिलं आणि पुढं विचारलं, ‘‘हिचा अर्ज कोण करतं? आई, नवरा?’’

पोरीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

‘‘हिला अर्ज नको आता. दोन महिने झाले.’’

मामांची पेन्सिल त्या आकड्यावर थांबली. त्यांनी तो खोडला नाही. पुठ्ठ्यावर खाली अजून चार ओळींची जागा होती.

‘‘चौथी सांग,’’ ते म्हणाले.