बाटली बाहेर, मग धवला

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात, भिवंडीतल्या कशेळीजवळच्या आमच्या गावात एक हळद तासभर खोळंबली. धवलारीण मावशी गायला तयार नव्हत्या.

आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण चालवते. ती धवला, म्हणजे विधीचं गाणं, म्हणते तेव्हाच नवऱ्याला हळद लागते. मावशींची रीत गावाला पाठ होती. मांडवात येत, मांडी घालून बसत, पदर खोचत आणि विचारत, "बाटली हाय का घरात?" असली तर ती मांडवाबाहेर जाईपर्यंत ओठ मिटून बसून राहत.

भिवंडीत नशा नवी नाही. लूमची शिफ्ट सुटल्यावर दारू, गोदामांमागे गांजा, आणि हल्ली पोरांच्या खिशात खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. पण आमच्या घरांमध्ये पहिला ग्लास बहुधा नातेवाईकच हातात देतो, आणि तोही हळदीला.

त्या दिवशीचा नवरा माझ्या शेजाऱ्यांचा मुलगा. गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. दारूपायी दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला होता. एक घोटही पुन्हा तिथेच नेईल, असं डॉक्टरांनी घरच्यांना बजावलं होतं. तरी चुलत्यांनी टेम्पोभर खोकी आणली. पाहुणे कोरडे गेले तर नाक कापलं जाईल, असं त्यांचं म्हणणं.

"मावशी, चालू करा ना. पावणे खोळंबलेत," चुलते म्हणाले.

"बाटली हाय का?"

"पोरांपुरती हाय थोडी."

"मंग पोरांनाच गाया लाव."

बायका हसल्या. चुलते तापले. "डीजे हाय आमच्याकडं. तुमच्याबिगर बी हळद लागंल!"

नवऱ्याची आजी हळदीची वाटी मांडीवर घेऊन बसली होती. तिने वाटी हाताने झाकली. "धवल्याबिगर न्हाय," ती म्हणाली.

मागून एक पाहुणा ओरडला, "मावशी, माज्या लग्नात गायलात तवा तर आमी प्यायलेलो!"

"तुजी बायको हितंच बसलीय. इचार तिला, कसं झालं लगीन."

आता पुरुषही हसले. मावशी हसल्या नाहीत. हसणं थांबल्यावर म्हणाल्या, "माजा नवरा पयल्यांदा हळदीलाच प्याला. सवताच्या. मेला तवा सुटली."

नवरा पाटावर मान खाली घालून बसला होता. चुलत्यांनी थोड्या वेळाने फोन काढला आणि टेम्पो परत बोलावला. शेवटचं खोकं चढेपर्यंत मावशी टेम्पोकडे पाहत होत्या. मग त्यांनी धवला सुरू केला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, एरवी बाटली मांडवाबाहेर गेली की तुम्ही गाता, काल टेम्पो भरेपर्यंत थांबलात; मुलाच्या दारूचं तुम्हाला कोणी सांगितलं? मला वाटलं होतं, त्याच्या आईने.

"त्यानंच," त्या म्हणाल्या. "परवा येऊन बसला माज्या पडवीत. म्हनला, मावशी, काकाला न्हाय म्हनाया माजी जीभ वळत न्हाय. तुमी म्हना."

पुढच्या वर्षी मावशींचे गुडघे गेले. त्या वज्रेश्वरीला लेकीकडे राहायला गेल्या. आता त्या कुठल्याच मांडवात येत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्या मुलाच्या लेकीचं बारसं झालं. त्याने स्वतः सगळ्यांना कोकम सरबत वाटलं. लग्नापासून तो प्यालेला नाही, असं त्याच्या बायकोने सांगितलं. चुलते आले होते. त्यांनी सरबताचे दोन ग्लास घेतले.