बिघाड पुरवणाऱ्या आत्या

तारांना डाख देताना उठणारा राळेचा कडुसर वास आणि त्यात मिसळलेला वेलदोड्याच्या चहाचा दरवळ आठवला, की माझ्या नवऱ्याच्या आत्या समोर उभ्या राहतात. इतरांच्या वस्तू इतक्या मायेने बिघडवणारी दुसरी व्यक्ती देऊळघाटात जन्मली नसावी. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या ओसरीत गावातल्या मुलामुलींचे दुरुस्ती मंडळ काढले. दर रविवारी एक निवृत्त वायरमन डाख देणे शिकवत. मी, कवितेखेरीज काहीच न शिकलेली, बॅटरी धरून उभी राही. मुले अशी तरबेज झाली, की गावातले सारे मिक्सर ठणठणीत झाले आणि मंडळ ओस पडू लागले. तेव्हा बिघाडांचा पुरवठा आत्यांनी स्वतःकडे घेतला. त्या हळदीकुंकवाला गेल्या, की त्या घरचा मिक्सर मुका होई. माझी इस्त्री थंड पडली तेव्हा मी चिडले, तर म्हणाल्या, "काऊन चिडून राह्यली वं? पोट्टे काय हवेवर शिकतीन?" बटव्यात सुपारीशेजारी स्क्रू फिरवायचा पेचकस आणि छोटी पक्कड असे, शिस्तही कडक: "आधी प्लग काढायचा, मंग पाप करायचं."

मंडळात सर्वांत निष्णात होती पल्लवी. एके रविवारी तिचे टेलर वडील ओसरीत आले. "आत्याबाई, पोरीले पेचकस काय कामाचा? आता दुकानात काजं-बटनं करन ते." पल्लवी हातातला स्क्रू फिरवत राहिली.

दुसऱ्याच दिवशी आत्या मला टेलरांच्या दुकानात घेऊन गेल्या; पल्लवी तिथे काजे करत बसली होती. मी ब्लाउजच्या बाह्यांवरून टेलरांशी वाद घालत असताना कोपऱ्यातल्या टेबलफॅनची घरघर मावळली. वैशाखातली दुपार, टेलर घामाघूम.

"पोरगी बसली हाये ना," आत्या सुपारी चघळत म्हणाल्या. "तिनं केला चालू, तं धाडसान तिले मंडळात?"

"हाव. पन तिले जमन?"

आत्यांनी तत्परतेने पेचकस पुढे केला. पल्लवी आधी प्लग काढायला गेली, तर तो निघालेलाच! तिने फॅनचा तळ उघडला. आतली तार स्वच्छ छाटलेली. आत्या एकदम रस्त्यावरच्या म्हशी न्याहाळू लागल्या. पल्लवीने तार सोलली, जोडली, टेप गुंडाळली. घरघर परतली, चिंध्या उडू लागल्या, आणि टेलर लेकीच्या हातांकडे नव्यानेच पाहिल्यासारखे पाहत राहिले. "रविवारी जाय मंडळात," ते हळूच म्हणाले.

आज आत्यांचे हात थरथरतात, गावातले पंखे निर्धास्त फिरतात, आणि मंडळ पल्लवी चालवते. मला मात्र त्या दुपारचा पुढचा क्षण विसरता येत नाही. "पन तार तुटली कशी?" टेलरांनी विचारले. पल्लवीने वडिलांकडे पाहिलेच नाही; माझ्या डोळ्यांत रोखून पाहत ती अत्यंत गंभीरपणे म्हणाली, "उंदीर."