रहोबोथची विहीर

"बसा भाऊ, जागा लई हाय," म्हणत तात्या विहिरीच्या कठड्यावर कडेला सरकायचे. कठडा सगळा रिकामाच असायचा, सरकायची काही गरज नसे. पण सरकल्याशिवाय पाहुणा आल्यासारखं त्यांना वाटत नसे.

माझं कळंबला पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. निरगुडसरच्या माळावरची त्यांची मोटार जळली की मी जायचो. तुमच्याही ओळखीत असं गिऱ्हाईक असेल, ज्याच्याकडचं काम थोडं आणि बसणं दुपारभर.

कठड्याच्या सिमेंटवर बोटाने कोरलं होतं: रहोबोथ. आमच्याकडे विहिरींची नावं आंब्याची, जांभळीची अशी. मला हे पंपाच्या कंपनीचं वाटलं. तरुणपणी तात्या एका मिशन दवाखान्यात वॉचमन होते. तिथल्या पाद्रीबाबांनी त्यांना यहुदी लोकांच्या शास्त्रातली गोष्ट सांगितली होती. इसहाकाने विहीर खणली, तिथले गुराखी भांडले; तिला त्याने भांडण हेच नाव दिलं. दुसरीवरही वाद झाला. तिचं नाव वैर. तिथून उठून त्याने लांब तिसरी खणली. तिच्यावर कोणी भांडलं नाही. ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा.

तात्यांचं तसंच झालेलं. वडिलांच्या विहिरीवर धाकट्या भावाशी पाण्याच्या पाळीवरून जुंपली, हिस्सा सोडला. चुलत्यांबरोबर सामाईक पाडली, तिथे पाइप कुणाच्या बांधावरून न्यायचा यावरून बिनसलं. मग माळावर एकट्याने ही पाडली. पाणी चांगलं लागलं. भांडणं संपली आणि माणसंही. बायको गेली, मुलगी सासरी. "पाळीला भांडायचो, पन शेकोटीला संगं बसायचो राव," असं एकदा म्हणाले.

पाइपलाइन टाकताना त्यांनी माझ्याकडून माळाला लागूनच असलेल्या भावाच्या बांधाकडे एक जादा तोंड काढून लोखंडी कॉक बसवून घेतला होता. भाऊ तर बोलतही नव्हता. कॉक काय शोभेला का, अशी मी थट्टा केली.

"गोष्ट फुडं हाय," ते म्हणाले. "ज्यांनी इसहाकाला हाकललं, तीच मान्सं त्याच्या दारी आली. जेवली."

दर खेपेला निघताना तो कॉक उघडमीट करून मला ग्रीस लावावं लागे. मोटार बिघडली तर चालेल, कॉक गंजायला नको. तुम्हीच भावाला बोलवा की, असं मी सुचवून पाहिलं. ते ग्रीसचा डबा माझ्यापुढे सरकवायचे. मला कंटाळा यायचा, आणि फार वाईटही वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात तात्या गेले. मी पोचलो तेव्हा अंगणात चूल पेटली होती आणि अंघोळीच्या पाण्यासाठी हंडे निघाले होते. भाऊ त्याच्या बांधावर उभा होता, अलीकडे येत नव्हता. मी मोटार चालू केली, हंडा घेऊन त्याच्याकडे गेलो आणि कॉक दाखवला.

"ह्यो कुनासाठी?"

"तुमच्यासाठीच बसवला होता."

त्याने जोर लावायला दोन्ही हात पुढे केले. कॉक एका हातानेच फिरला. पाणी पडू लागलं. हंडा भरला, वाहू लागला, तरी त्याने कॉक बंद केला नाही.