घळीतून उतरू नका म्हटलं होतं

औशाच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाई आणि मी, दोघी लातूरच्या एका ग्रुपबरोबर रविवारी डोंगर चढायला जायचो. त्या रविवारी जळकोटजवळचा डोंगर ठरला. ग्रुपचे म्होरके सर सह्याद्रीतले मोठमोठे किल्ले चढून आलेले.

चढताना मी दर वळणाला थांबून मागं बघत होते. उतरताना तीच वाट वेगळी दिसते, म्हणून. म्होरके म्हणाले, "मॅडम, घरी काही इसरलं का? टेकडी हाय ही, हिमालय न्हाई." सगळे हसले. मीही हसले, आणि आज त्याचाच जास्त राग येतो.

माथ्यावर ऊन तापलं. "वळसा कशाला? ह्या घळीतून सरळ उतरू," ते म्हणाले. मी कडेला जाऊन पाहिलं. वरचा उतार दिसत होता, मग एकदम खालची शेतं. मधलं काहीच दिसत नव्हतं, म्हणजे तिथं कडा असणार. पायाखाली सगळा सुटा मुरूम.

"सर, मधलं दिसत न्हाई. आलो त्याच वाटेनं जाऊ."

"तुम्ही लई भेता बुवा!"

सगळे त्यांच्यामागं घळीत उतरलो. अर्ध्यात कडा लागलाच, दोन पुरुष उंचीचा. परत वर चढताना मुरूम सुटला आणि बाई घसरल्या. घोटा मोडला. त्यांना आळीपाळीनं उचलत जुन्या वाटेनं खाली आणायला तीन तास लागले.

संध्याकाळी ग्रुपवर म्होरक्यांचा मेसेज आला: चुकीच्या बुटांमुळे एक सदस्या घसरल्या, काळजी घ्यावी. चुकीचे बूट! ते बूट आम्ही दोघींनी मिळून, चांगले पारखून घेतले होते. मी घडलं तसं सगळं लिहिलं. पाच मिनिटांत मला ग्रुपमधून काढलं.

आठवड्यानं ते सफरचंदं घेऊन बाईंच्या घरी आले. मी तिथंच होते.

"नशीब म्हणायचं," ते म्हणाले.

"नशीब कसलं? घळ तुम्ही निवडली," मी म्हणाले.

"बाकी कुणाचीच तक्रार न्हाई, मॅडम."

पलंगावरून बाई म्हणाल्या, "माझी हाय. आत्ता तुमच्या तोंडावर करायलेय."

ते पिशवी ठेवून निघून गेले. महिन्याभरात नवा डोंगर ठरला, नऊ जण गेलेसुद्धा. बाईंना अजून जिना चढवत नाही, म्हणून त्यांना तळमजल्यावरचा वर्ग दिलाय. बाईंच्या फोनवर बघितलं, बुटांचा तो मेसेज ग्रुपवर तसाच आहे.