स्क्रिप्ट नसताना उठलेली सर्व्हिस

भूत, करणी, संकेत... माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. मी नाशिकला राहते, पन्नाशीला आले आहे, आणि द्राक्षांच्या पॅकहाउसमधले लिनक्स सर्व्हर सांभाळते. घडलं ते भर दुपारी, पिंपळगाव बसवंतला, माझी मैत्रीण मंगल हिच्या कोल्ड स्टोरेजमध्ये.

तिच्या स्वतःच्या नावावरचा पहिला एक्स्पोर्ट कंटेनर त्या संध्याकाळी निघायचा होता. माल खोल्यांत गार होत होता. तो तापला असता तर कंटेनर रद्द. कूलिंग चालवणारी सर्व्हिस, म्हणजे कॉम्प्युटरवर सतत चालणारा प्रोग्रॅम, ज्या स्क्रिप्टने सुरू व्हायची, ती स्क्रिप्ट वाईट होती – सर्व्हिस चालू असताना पुन्हा स्टार्ट दिलं तर दुसरी प्रत उठवायची. मग एक कूलिंग चालू करणार, दुसरी बंद. आदल्या दिवशी तेच झालं होतं, म्हणून मी नवी स्क्रिप्ट लिहून आणली. ही आधी तपासणार. सर्व्हिस चालू असेल तर तसं सांगून गप्प बसणार.

मी सर्व्हिस थांबवली, जुनी स्क्रिप्ट पुसली, नवीचा पेन ड्राइव्ह लावणार... आणि लाइट गेली. कॉम्प्युटर बंद. जनरेटर सुरू होईना. मंगलने पॅकिंगच्या बायकांना खोल्यांची दारं उघडू नका म्हणून बजावलं. मी तिला सांगितलं, लाइट आली तरी कूलिंग आपोआप येणार नाही, मला हाताने सुरू करावं लागेल.

"मग कर की," ती म्हणाली. "रडतेस कशाला?"

मी रडत नव्हते.

लाइट आली. कॉम्प्युटर उठला. मी नवी स्क्रिप्ट टाकली, स्टार्ट दिलं. उत्तर आलं – सर्व्हिस आधीपासून चालू आहे.

वाटलं, माझीच स्क्रिप्ट चुकली. मशीनवर काय काय चालू आहे त्याची यादी बघितली. खरंच चालू, एकच प्रत. आत पंखे फिरत होते. लाइट आल्यावर सर्व्हिसला आपोआप उठवेल असं मशीनवर काहीच नव्हतं. मी पुन्हा पुन्हा शोधत राहिले, तेव्हा मंगल म्हणाली, "द्राक्षं गार, मी गार. तूच का तापलीस?" बायका इतक्या हसल्या की मलाही आवरेना.

कंटेनर वेळेवर गेला. खोल्या रिकाम्या झाल्यावर मी नवी स्क्रिप्ट काढून, मेन स्विच पाडून बरेचदा करून बघितलं. सर्व्हिस एकदाही आपली आपण उठली नाही. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींमध्ये, ती त्या दिवशी सुरू झाल्याची ओळ आहे... कोणी सुरू केली, ते नाही.

माल परदेशात पास झाल्याचा फोन आला तेव्हा मंगलने पेढे वाटले, आणि पहिला त्या कॉम्प्युटरपुढे ठेवला. मी तिला हसले नाही. माझ्याकडे सांगायला दुसरं काही कारण असतं, तर हसले असते.