तिसरी शिट्टी

कुकरची दुसरी शिट्टी झाली की मी अजून दाराकडे बघते. वारज्यात नदीजवळ आम्ही तळमजल्यावर राहायचो. त्या सकाळी महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत गेली, की धरणातून पाणी सोडतायत, घरं रिकामी करा. बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “दरवर्षीच सोडतात. पायरीच्या वर येत नाही.” आईने पिशवी भरून ठेवली होती, पण बाबांना सोडून ती निघेना. अंगणातल्या फरशांच्या फटींतून गढूळ पाणी वर यायला लागलं होतं आणि आत वरण-भात शिजत होता. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू थेट स्वयंपाकघरात आल्या. बाबा जिन्याखाली स्कूटर लावतात, यावरून दोन वर्षं त्यांचं आमच्याशी बोलणं बंद होतं. त्यांनी गॅस बंद केला, फडक्याने आमचा कुकर उचलला आणि बाबांना म्हणाल्या, “पायरी कुठे संपते ते पाण्याला सांगून ठेवलंय का तुम्ही? जेवायचं असेल तर वर या.” बाबांना भूक अजिबात सहन व्हायची नाही. तिसरी शिट्टी काकूंच्या घरी झाली. जेवून गॅलरीत आलो, तर खाली आमच्या खिडकीचे गज पाण्यात गेले होते. बाबांनी आभार काही मानले नाहीत. आठवड्याने त्यांनी चिखलातून स्कूटर ओढून काढली आणि जिन्यापासून लांब, भर पावसात, फाटकाशी लावली. आता बाबा नाहीत. काकूंना भेटायला गेले, की जिन्याखाली जागा असूनही माझी गाडी मी फाटकाशीच लावते.