दिसनीच नही

शहाद्याच्या एका शाळेत मी लिपिक आहे आणि रोज मुलीच्या सायकलवरून जाते-येते. मुलगी शिकायला नाशिकला गेली तेव्हा तिची जांभळी सायकल गोठ्यात पडून राहिली. त्याआधी नवऱ्याने मला स्कूटी शिकवून पाहिली होती. मी स्कूटी सुरू केली, ती सरळ गोठ्यात शिरली, बसलेली म्हैस उठून उभी राहिली, आणि त्यानंतर घरात स्कूटीचा विषय कोणी काढला नाही. म्हैस पुढे आठवडाभर दूध कमी देत होती असं सासूबाईंचं म्हणणं आहे. मग मी सायकलच झाडूनपुसून बाहेर काढली.

आमचं गाव ब्राह्मणपुरीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत. फाट्यावर वळलं की दोन्ही बाजूंना कापूस, मधून सरळ रस्ता, आणि रस्ता संपतो तिथे पहिलंच घर आमचं. सकाळी जाताना काही अडचण नसते. संध्याकाळी शाळेतून निघायला उशीर होतो, थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो आणि त्याच दिवसांत कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर घराएवढा ऊस, पुढे एकच दिवा, मागे काहीच नाही. ड्रायव्हरच्या शेजारी मोठ्याने गाणी चालू.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी असाच एक ट्रॅक्टर समोरून आला. त्याच्यासमोर एक कुत्रं आडवं आलं, त्याला वाचवायला तो माझ्या बाजूला आला आणि स्वतःला वाचवायला मी पपईच्या बागेत गेले. सायकल बांधावर राहिली, मी आत. ओल होती, त्यामुळे लागलं काही नाही, पण अंगभर चिखल झाला. ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवून धावत आला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

"लागनं का ताई?"

"नाही. पण जरा बघून चालवा ना."

"देखीसनच चालाडी ऱ्हायंतू," तो म्हणाला. "कुत्रं दिसनं. तू माले दिसनीच नही."

त्याने सायकल उचलून दिली, हँडल सरळ केलं, ट्रॉलीतून दोन ऊस ओढून माझ्या कॅरियरला लावले आणि गेला. मी घरी आले ती डोक्यापासून पायापर्यंत चिखल आणि मागे दोन ऊस अशी.

सासूबाई ओट्यावर बाजेवर बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, शिडशिडीत, आवाज खणखणीत. त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली. चिखलाचं त्यांना काही वाटलं नाही. त्या अडकल्या एकाच गोष्टीवर.

"कुत्रं दिसनं म्हणे?"

"हो."

"आनि तू नही?"

त्यांना तो घराण्याचा अपमान वाटला. खरं तर लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा याच बाईने मला पहिली वर्षं एकच शिकवण दिली होती: ओट्यावर उभी राहू नको, मोठ्याने हसू नको, पदर नीट घे, कोणाच्या नजरेत येऊ नको. मी ते बऱ्यापैकी शिकले होते. आता त्याच सासूबाईंनी रात्री जेवताना मुलाला सांगितलं, "भाऊ, हाई दिसाले पाहिजे. काहीबी कर."

नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर आणि सीटखाली लुकलुकणारा दिवा लावला. सासूबाईंनी तपासणीचं काम स्वतःकडे घेतलं. मी फाट्यावर वळायच्या वेळेला त्या ओट्यावर येऊन बसत आणि मी सायकल उभी केली की निकाल सांगत.

"दिसले का?" मी विचारलं.

"नही. एकदम आंगनमा उनी तव्हय दिसनी."

लाल दिवा मागे आहे, समोरून कसा दिसणार, असं नवरा म्हणाला. मग पुढे पांढरा दिवा आला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. नवऱ्याने दिव्याचे सेल बदलले. तरी तेच.

तेव्हा सासूबाईंनी रेडियमची आज्ञा केली. शहाद्यात गाड्यांवर नावं आणि देवांची चित्रं चिकटवणारा एक रेडियमवाला आहे. त्याच्याकडून मी चमकणाऱ्या पट्ट्यांचा एक गुंडाळा आणला. सायकलवर नवऱ्याने पट्ट्या लावल्या, आणि माझी पिशवी, स्वेटर आणि डोक्याला बांधायचा रुमाल सासूबाईंनी मागून घेतला. सुई मला ओवून द्यायला लावली आणि पट्ट्या स्वतः शिवल्या. सगळ्या वाकड्या. पिशवीवरची पट्टी तर एका कोपऱ्यातून निघून गोगलगाईसारखी फिरत दुसरीकडेच गेली होती. पण वयस्क माणसाने हौसेने केलेलं, म्हणून मी ती तशीच खांद्याला लावली.

रस्त्यावर फरक लगेच पडला. समोरच्या गाड्या दिवा खाली घेऊ लागल्या. एसटीचा ड्रायव्हर मला पाहून बाजूने जायला लागला. घरी मात्र निकाल बदलला नाही.

"थोडं काहीतरी चमकनं," सासूबाई म्हणाल्या, "पन ते काजवाबी ऱ्हाई सकस."

मग आलं जॅकेट. नारिंगी, त्यावर चांदीसारखे पट्टे, रस्त्याच्या कामावरचे लोक घालतात तसलं. नवऱ्याने हार्डवेअरच्या दुकानातून आणलं. ते मापाचं नव्हतं. साडीवर स्वेटर, स्वेटरवर ते जॅकेट, आणि मी. शाळेच्या फाटकावर शिपायाने मला पहिल्या दिवशी अडवलं आणि पाण्याची टाकी मागच्या बाजूला आहे म्हणून सांगितलं.

जॅकेटमुळे मी दिसायला लागले हे खरं, पण कोणीतरी वेगळीच दिसायला लागले. एका सकाळी वाटेतल्या वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याने हात करून सायकल थांबवली.

"म्याडम, आमना खड्डा कव्हय बुजाई?"

"बाबा, मी रस्त्याची नाही. मी शाळेत असते."

त्याने थोडा विचार केला. "मंग आते हाई कामबी शाळावालासकडे दिधं का?"

मतदार याद्या, जनगणना, शौचालयांची मोजणी, सगळं शाळेकडेच येतं, त्यामुळे त्याचं काही चुकलं नव्हतं. मी नाही म्हटलं तरी त्याला ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं. पुढे तो रोज त्या खड्ड्यापाशी उभा राहायचा आणि मी गेले की नुसता खड्ड्याकडे बोट करायचा. मीही मान हलवायचे. दुसरं काय करणार?

त्याच सुमाराला सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरली. नवरा दरवर्षी जातो. घोडा घेत नाही, फक्त बघून, किंमत विचारून आणि जिलेबी खाऊन परत येतो. या वेळी तो घोड्याच्या गळ्यात घालायचा साज घेऊन आला. लाल गोंडे, त्यात बारीक बारीक आरसे, खाली घुंगरांची ओळ.

"हे कशाला?" मी विचारलं.

"मायने सांगितलं," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

सासूबाईंचा विचार असा होता की आरशावर गाडीचा उजेड पडेल, आणि नाही पडला तरी घुंगरू ऐकू येतील. साज हँडलला बांधला गेला. दुसऱ्या दिवशी मी फाट्यावरून मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा पानटपरीवरची माणसं बोलायची थांबली. शाळेत मुलांनी सायकलभोवती घोळका केला. मुख्याध्यापकांनी मला आत बोलावून, घरी सगळं ठीक आहे ना, अशी चौकशी केली. मी हो म्हटलं, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

ट्रॅक्टरवाले मात्र आता दुरूनच वेग कमी करत. एकाने तर ट्रॅक्टर पूर्ण थांबवला आणि मी घुंगरू वाजवत पुढे जाईपर्यंत हात जोडून बसला. त्याला काय वाटलं असेल, देव जाणे.

त्या संध्याकाळी मी मोठ्या आशेने घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "वाजनं. पन दिसनी नही."

मला रडू यायचं बाकी होतं. मी नवऱ्याला म्हटलं, आता डोक्यावर ट्यूबलाइट लावायची राहिली आहे. तो म्हणाला, "उद्या मी मायजवळ बसतो. बघू तरी काय होतंय ते."

पुढचं मला त्याने सांगितलं. तो बाजेवर आईशेजारी बसला. मी फाट्यावर वळले. गावातून एक जीप फाट्याकडे निघाली होती, तिच्या उजेडात मी पट्टे, आरसे, जॅकेट अशी सगळीकडून लखलखत होते.

"माय, ती देख. वळनी."

"कोठे?"

"समोरच. दिवाळीसारखी चमकी ऱ्हायनी."

सासूबाईंनी मान पुढे काढली, डोळे बारीक केले आणि डावीकडच्या विजेच्या खांबाकडे बोट करून म्हणाल्या, "हां, आते दिसनी. पन काबरं थांबनी ती?"

मी अंगणात आले तेव्हा नवरा डोक्याला हात लावून बसला होता. त्याने मला हळूच म्हटलं, "तू मायपासून दहा पावलांवर उभी राहा. बोलू नको." मी उभी राहिले. घुंगरू वाजू नयेत म्हणून हँडल घट्ट धरलं. सासूबाईंनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"कोन शे?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने सांगितलं तेव्हा आधी त्या रागावल्या. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, गावातल्या विजेतच आता पहिल्यासारखी ताकद राहिली नाही, असं म्हणाल्या. मग भाजी निवडताना, सुई ओवताना काय होत होतं ते एकेक करून त्यांनाच आठवायला लागलं असावं. बऱ्याच वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं आणि जॅकेट चाचपलं.

"म्हणजे तू बाकीनासले दिसस?"

"सगळ्यांना दिसते, आई. शिरपूरपर्यंत दिसत असेन."

"ड्रायवरसले?"

"ते तर थांबून बघतात."

"बरं शे," त्या म्हणाल्या. "माले वाटे, माले दिसत नही म्हणजे त्यासलेबी दिसत नही. रोज आठे बठीसन मन्हा जीव ठिकानवर नही ऱ्हाये."

मला इतके दिवस त्यांच्या तपासणीचा नुसता वैताग आला होता. फाट्याकडे तोंड करून ही बाई अंधारात काय करत बसते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी चहा ठेवायला आत गेले आणि जरा वेळ तिथेच थांबले.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता. नंदुरबारला आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा घालून त्या घरी आल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिल्याच संध्याकाळी ओट्यावर जाऊन बसल्या. मी नेहमीप्रमाणे सगळा सरंजाम घालून फाट्यावर वळले. अर्ध्या वाटेतच मला दिसलं की त्या उठून उभ्या राहिल्या आहेत. मी जवळ आले तसा त्यांनी हात वर केला.

"थांब तठेच."

मी थांबले. घुंगरू थोडे वाजून बंद झाले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. सायकलच्या पुढच्या चाकापासून माझ्या रुमालापर्यंत नजर फिरवली.

"हाई कोनी कयं?"

"तुम्हीच."

"मी? मी इतली येडी शे का?"

मी पिशवी पुढे केली. त्यांनी पिशवीवरची गोगलगाय पाहिली.

"तू हाई सगळं घालीसन शहादाले जाये? बाजारमा?"

"रोज."

"लोकेस्नी देखं?"

"सगळ्यांनी."

त्या बाजेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावला. त्यांना लाज वाटते आहे असं समजून मी समजूत घालायला पुढे झाले, तर त्या हसत होत्या. खांदे हलत होते. डॉक्टरांनी डोळ्यांना ताण देऊ नका म्हटलं होतं, म्हणून मी त्यांना थांबवायला गेले आणि मलाही हसू आवरेना. नवरा गोठ्यातून धावत आला, त्याला आमच्यापैकी कोणीच काही सांगू शकलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साज सोडून म्हशीच्या गळ्यात बांधला. तो तिला शोभतो. पिशवीच्या पट्ट्या उसवून सरळ रेषेत शिवल्या, सुई स्वतः ओवली. जॅकेट हातात घेऊन बराच वेळ पाहिलं, मग बाजूच्या शिवणी घेऊन ते माझ्या मापाचं केलं. "हाई ऱ्हाऊ दे," म्हणाल्या.

त्या नजरेचा त्रास मला पुढे बरेच दिवस झाला. तांदळातले खडे, माळ्यावरची जळमटं, मी न घासता नुसता विसळलेला पितळी तांब्या, सगळं त्यांना दिसायला लागलं. नवऱ्याची दाढी किती पांढरी झाली आहे हेही त्यांना तेव्हाच कळलं आणि त्यांनी दोन दिवस त्याला जास्तीचं तूप वाढलं.

मग त्यांची नजर रस्त्यावर गेली. उसाच्या ट्रॉल्यांना मागे काहीच नसतं हे त्यांनी ओट्यावरून पाहिलं, आणि संध्याकाळी उरलेला रेडियमचा गुंडाळा, कात्री घेऊन त्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जायला लागल्या. तिथे ट्रॅक्टरवाले थांबतात. ते चहा पीत असताना त्या ट्रॉलीच्या मागच्या फळीवर पट्ट्या चिकटवत. मी एकदा शाळेतून येताना तिथे थांबले तेव्हा एक ड्रायव्हर कप हातात धरून त्यांची विनवणी करत होता.

"माय, मालकनी ट्रॉली शे. तो माले बोलई."

"मंग त्याले सांग, एक म्हातारी उनी आनि लाई गयी," त्या पट्टीवर अंगठा दाबत म्हणाल्या. "ते टोक धर जरा. सरळ लागाले पाहिजे."

त्याने कप खाली ठेवला आणि पट्टीचं दुसरं टोक धरलं.

गुंडाळा संपला तशी मी रेडियमवाल्याकडून दुसरा आणला. फाट्यावर थांबणाऱ्या बहुतेक ट्रॉल्या आता मागून ओळखू येतात. उसाचा हंगाम संपला आणि ट्रॅक्टर यायचे बंद झाले, तेव्हा सासूबाईंना चार-पाच दिवस करमलं नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं. डॉक्टरांनी पावसाळ्यानंतर या म्हटलं, तर त्यांनी विचारलं, "कारखाना चालू व्हवाना आगोदर व्हई जाई ना?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते हो म्हणाले.